लिबर्टी जहाजाच्या मॉडेलवर गंज चढवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रम्पेटर कंपनीचं, खऱ्याच्या १/३५० मापाचं ‘जेरेमाया ओ’ब्रायन’ हे लिबर्टी (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मोठ्या संख्येने बांधलेलं) मालवाहू जहाज बांधायला घेतलंय, अजून कवचाचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाचे, भागच जुळवताय, पण गंज आणि डाग कसे करायचे याची आत्तापासून धास्ती आहे. कारण याआधीचं मॉडेल सगळीकडून नारिंगी होऊन भंगारात काढल्यासारखं दिसलं. रत्नागिरीत राहता, एअरब्रश आहे, पण पावसाळ्यात मॅट वार्निश पांढरं पडतं. आणि शेवटी विचारलंय की याच किटमधून मुंबईच्या गोदीत स्फोट झालेलं ‘फोर्ट स्टिकीन’ करता येईल का. सगळ्याची उत्तरं देतो, फक्त तुमच्या क्रमाने नाही.

आधी नारिंगी रंगाचं. दोष ट्यूबचा नसतो. जहाजाचं वय काय आणि त्या दिवशी ते कोणत्या कामावर होतं, हे ठरवायच्या आधीच ब्रश हातात घेतला की मॉडेल असं होतं. तुमच्याच जहाजाचं उदाहरण घ्या. ‘ओ’ब्रायन’ अमेरिकेत मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडला बांधलं आणि जून १९४३ मध्ये पाण्यात उतरलं. १९४४ मध्ये इंग्लंडहून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर माल पोचवायच्या त्याच्या ११ फेऱ्या झाल्या, तेव्हा ते जेमतेम वर्षाचं होतं. युद्धानंतर, १९४६ पासून १९७९ पर्यंत, ते सॅन फ्रान्सिस्कोजवळ सुइसन बे इथे राखीव ताफ्यात नांगरून पडलं होतं. तिथून बाहेर काढल्यावर त्याचं संग्रहालय झालं आणि १९९४ मध्ये ते स्वतःच्या इंजिनावर पुन्हा नॉर्मंडीला जाऊन आलं. जहाज एकच, पण त्यातून तीन अगदी वेगळी मॉडेलं होतात. सुइसन बे दाखवायचं असेल तर गंजाला मोकळं रान आहे. संग्रहालय दाखवायचं असेल तर गंज जवळजवळ नकोच. तुम्ही १९४४ निवडलंय असं धरून पुढचं लिहितो, कारण किटमधल्या तोफा आणि तराफे त्याच काळाचे आहेत, आणि मला स्वतःला हाच काळ सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सुंदर वाटतो.

वर्षभराच्या जहाजाला गंज असतो, पण तो कामाच्या जागी असतो. ही जहाजं झपाट्याने बांधली गेली. १९४१ ते १९४५ या काळात १८ गोद्यांतून २,७१० लिबर्टी जहाजं निघाली. त्यातलं ‘रॉबर्ट ई. पीअरी’ तर १९४२ च्या नोव्हेंबरात कणा ठेवल्यापासून ४ दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात उतरलं. घाईत दिलेला रंग लवकर सुटतो. पण त्याच जहाजावर खलाशी रोज गंज ठोकून काढत असतात, वर प्रायमर लावतात आणि मिळेल तो करडा फासतात. म्हणजे कामावरच्या जहाजाच्या अंगावर गंजाइतकेच ताज्या रंगाचे चौकोन असतात. मॉडेल करणारे बहुतेकजण हे चौकोन विसरतात आणि त्यांची सगळी मेहनत गंजावरच खर्च होते.

आता बांधणी. तिथे काही गोष्टी आधी केल्या नाहीत तर नंतर करता येत नाहीत. डेक चिकटवण्यापूर्वी तळाच्या आतून दोन नट अॅराल्डाइटने पक्के बसवा आणि खालून भोकं पाडून ठेवा. पुढे मॉडेल स्टँडवर स्क्रूने घट्ट राहील आणि रंगवताना ठोकळ्यावर आवळून धरता येईल. कवच आत किंवा बाहेर वाकलं असेल तर जाड प्लॅस्टिक शीटचे आडवे तुकडे कापून आतून टेकू द्या. डेकच्या जोरावर कवच सरळ होईल अशी आशा ठेवू नका. डेक तीन-चार वेळा न चिकटवता बसवून बघा, कडेला फट राहते कुठे ते पेन्सिलीने टिपून ठेवा. फटी बुजवायला गाडीची एनसी पुट्टी चालते, पण पातळ थरात आणि दोन थरांत वेळ देऊन. जाड थरातला द्रव प्लॅस्टिक मऊ करतो आणि महिन्याभराने तिथे खळगा पडतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मॉडेलच्या आसपासही आणू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं. घासायला ओला वॉटर पेपर, आधी ४००, मग ८००, शेवटी १०००.

कवचावर पत्र्यांच्या उठावदार रेषा असतील तर त्या हलक्या हाताने घासून निम्म्या करा. एक हिशोब कायम डोक्यात ठेवा: या मापात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे ३५ सेंटिमीटर. पत्र्याची जाडी दीड सेंटिमीटर धरली तरी मॉडेलवर ती केसाएवढीही भरत नाही. शिवाय लिबर्टीचं कवच मुख्यतः वेल्डिंगचं आहे. जुन्या पद्धतीच्या जहाजावर एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढलेली दिसते, तसं इथे ठसठशीत दिसायला नको. थंड पाण्यात वेल्डिंगची कवचं तडकल्याच्या घटना झाल्यावर हॅचचे, म्हणजे डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडांचे, कोपरे मजबूत केले गेले आणि तडा पसरू नये म्हणून रिव्हेटने जोडलेल्या पट्ट्या बसवल्या गेल्या. तुम्ही निवडलेल्या महिन्यातल्या फोटोत डेकच्या कडेखाली अशी लांब पट्टी दिसत असेल तर ०.१३ मिलिमीटरच्या शीटची चिंचोळी फीत लावा. दिसत नसेल तर लावू नका.

बांधणीचा क्रम असा ठेवा की डाग करताना ब्रशला वाट राहील. कवच, डेक, हॅचभोवतीचे कठडे आणि विंच (दोर ओढायची यंत्रं) एकत्र. मधलं घर वेगळं. डोलकाठ्या आणि डेरिक (माल उचलायचे दांडे) वेगळे. डेकच्या कडेचे फोटो-एच (पातळ पत्र्यातून कोरलेले) कठडे सगळ्यात शेवटी. या मापात कठडा जेमतेम ३ मिलिमीटर उंच येतो. तो आधी लावला तर डेकवर हात फिरवताना दर वेळी वाकणार.

डेरिक चिकटवण्यापूर्वी ठरवा: जहाज समुद्रात आहे की बंदरात? समुद्रात असेल तर डेरिक खाली घेऊन बांधलेले, हॅचवर लाकडी फळ्या, त्यावर ताडपत्री, कडेने पट्ट्या आणि पाचरी. बंदरात असेल तर डेरिक वर, एकाचं टोक हॅचवर आणि दुसऱ्याचं धक्क्यावर, हॅच उघडे, काढलेल्या फळ्या बाजूला रचलेल्या. दोन्हीची सरमिसळ झाली की जाणकाराला लगेच खटकतं. आणि डागही याच निर्णयावरून ठरतात. उघड्या हॅचभोवती मालाची धूळ आणि बुटांच्या वाटा असतात, बंद हॅचभोवती मिठाचे पांढरट ओघळ.

पाणरेषेसाठी कवच सपाट काचेवर नीट पातळीत बसवा, पेन्सिल एका ठोकळ्याला बांधून हव्या उंचीवर ठेवा आणि ठोकळा सरकवत चौफेर रेघ मारा. पाणरेषेवरचा काळा पट्टा आधी मारा. तो वाळला की पट्ट्याच्या रुंदीची मास्किंग टेप लावा, मग खाली तांबूस-तपकिरी आणि वर करडा. टेपची कड आधी त्याच काळ्या रंगाने बंद केली की पुढचा रंग आत झिरपत नाही. करडा डबीतून थेट मारू नका. पांढरा आणि थोडा मातकट पिवळा मिसळून दोन पायऱ्या फिकट करा, नाहीतर लहान मापात तो शिशासारखा जड दिसतो. मग त्याच करड्यात आणखी पांढरं घालून, अगदी पातळ करून, उभ्या आणि तुटक फवाऱ्यांनी कवचाचे काही भाग फिकट करा. सगळे नाही. उन्हाने उडालेला रंग सलग नसतो.

त्यानंतर ग्लॉस वार्निश, आणि ते पुरतं वाळू द्या. मग ऑइल कलर. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या कॅमलच्या ट्यूब पुरेशा आहेत: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर, काळा, पांढरा. रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवा. पुठ्ठा तेल शोषतो आणि मग रंग लवकर वाळतो, चकाकत नाही. पातळ करायला बिनवासाचं मिनरल टर्पेंटाइन. खूप पातळ केलेला बर्न्ट अंबर आणि काळा फक्त कोपऱ्यांत, विंचच्या बुडाशी आणि दारांच्या कडांना टोकदार ब्रशने सोडा. सगळ्या जहाजावर फासू नका.

आता गंज. एक जागा बारकाईने सांगतो, बाकीच्या त्यावरून येतील. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, नांगराची साखळी जिथून बाहेर येते त्या भोकाकडे बघा. नांगर दर वेळी वर येताना चिखल आणि पाणी घेऊन येतो, साखळी भोकाच्या ओठावर घासते, तिथला रंग टिकतच नाही. म्हणून ओठाच्या खालच्या कडेला, आणि फक्त तिथेच, बर्न्ट अंबरमध्ये काळा मिसळून बारीक ठिपके द्या. हा जुना गंज, जवळजवळ काळा. त्याच्या आत टाचणीच्या टोकाएवढा बर्न्ट सिएना. मग त्याच ठिपक्यावर टर्पेंटाइनने किंचित ओला केलेला सपाट ब्रश टेकवून सरळ खाली ओढा, एकदाच. ओघळ वर गडद आणि अरुंद, खाली जाताना फिकट होत विरून जाणारा हवा. तो पाणरेषेपर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही. कुठे कपडा नाही, बोटही नाही, फक्त ओलसर ब्रशने दोन्ही कडा मऊ करा. झाल्यावर पट्टी लावून मोजा. ओघळ १ मिलिमीटर रुंद असेल तर खऱ्या जहाजावर तो ३५ सेंटिमीटरचा झाला, आणि नांगराच्या भोकाखाली तो शोभतो. पण तेवढाच ओघळ डेकवरचं पाणी बाहेर काढणाऱ्या छोट्या छिद्राखाली दिला तर चूक आहे, तिथे केसाएवढा पुरे. नारिंगी रंग मी पूर्ण जहाजावर चार-पाच ठिकाणीच वापरतो, जिथे ओरखडा ताजा आहे असं दाखवायचं असतं तिथे.

बाकीच्या जागा याच नियमाने शोधा: पाणी कुठून निघतं, कुठे घासतं, कुठे ठोकर बसते. डेकच्या पाण्याची छिद्रं, दोर ज्यावरून जातात त्या खाचा, शिड्यांची बुडं, टगबोट जिथे नाक टेकवते ते नाळेचे आणि पिछाडीचे खांदे. ज्या डागाला उगम नाही तो पुसून टाका. खऱ्या जहाजांकडे बघण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. मुंबईत असाल तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा, वाटेत नांगरलेली मालवाहू जहाजं दिसतात. तुमच्या जवळच्या जयगड बंदरातही कोळशाची मोठी जहाजं येतात. दुर्बीण लावून बघा की गंज कुठून सुरू होतो आणि किती मोठा भाग अगदी स्वच्छ असतो. तो स्वच्छ भाग मॉडेलवर सोडण्याचं धैर्य दाखवा.

ताज्या रंगाचे चौकोन करायला तोच करडा थोडा गडद किंवा थोडा निळसर करा आणि बारीक सपाट ब्रशने मारा, एअरब्रशने नको. खलाशी दोराने टांगलेल्या फळीवर बसून रंग देतात. म्हणून डाग फळीच्या लांबीचे आडवे असतात आणि माणसाचा हात पोचतो तिथे वर-खाली संपतात. कवचाच्या एका बाजूला असे तीन-चार पुरे, त्यातल्या एकाची कड किंचित बाहेर डोकावणारी, जिथे लाल प्रायमर झाकायचा राहिलाय. हा प्रायमर म्हणजे घरच्या खिडकीच्या ग्रिलला लावतो त्या रेड ऑक्साइडच्या जवळपासची छटा. गंज आणि प्रायमर यांची छटा जवळची असली तरी कड वेगळी असते: गंज विरतो, प्रायमर थांबतो.

डेकवर वेळ घालवा. प्रदर्शनात बघणारा वरूनच बघतो. लिबर्टीचे विंच वाफेवर चालायचे आणि त्यांच्याकडे जाणारे वाफेचे नळ डेकवरूनच जातात. विंचच्या पायथ्याशी तेलाचा काळसर, किंचित चमकणारा डाग द्या. त्यासाठी मॅट वार्निश झाल्यावर काळ्या-तपकिरी ऑइल कलरमध्ये थोडं ग्लॉस मिसळून टिपका. नळांच्या सांध्याखाली पांढरट क्षाराची पुसट खूण द्या. हॅचच्या कठड्याच्या वरच्या कडेवर सामानाच्या जाळ्या घासतात. तिथे स्पंजचा चिमूटभर तुकडा गडद तपकिरीत बुडवून, कागदावर झटकून, मग टेकवा. ताडपत्री करड्यात घालू नका, ती मळक्या हिरवट-खाकीत करा आणि घड्यांच्या माथ्यावर फिकट रंग ओढा. धुराड्याच्या वरच्या ओठावर काजळी हवी, पण थोडीच. लिबर्टीचे बॉयलर तेलावर चालायचे.

पांढरं पडणारं वार्निश. लॅकरचा स्प्रे वेगाने उडतो, पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतलं पाणी थरात अडकतं. म्हणून तो दुधाळ होतो. कोकणात जून ते सप्टेंबर लॅकरचं मॅट डब्यातून मारूच नका. पाण्याचं ॲक्रिलिक मॅट घ्या, पातळ करून एअरब्रशने, हलक्या थरात. एअरब्रशच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप लावा. जे मॉडेल आधीच पांढरं पडलंय ते टाकू नका. कोरड्या दिवशी त्यावर त्याच प्रकारचं ग्लॉस पातळ मारलं की बहुतेक वेळा धुकं विरघळतं, आणि मग पुन्हा मॅट.

दोरकामाबद्दल थोडकंच. डेरिकच्या वायरी या मापात ०.०६ मिलिमीटरच्या आसपास येतात, शिवणाचा दोरा त्यापुढे जाडजूड दिसतो. स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर तापवून ओढलेली तार किंवा बारीक लवचिक लायक्रा दोरा वापरा. किटच्या डोलकाठ्यांचे वरचे शेंडे पितळी तारेने बदला, नाहीतर पहिल्याच ताणाला वाकतील. मधून बाहेर, खालून वर असं जा, म्हणजे लावलेल्या दोरात हात अडकत नाही. फेविक्विक वापरताना झाकण ठेवून बंदिस्त करू नका, वाफेने मॅट थरावर पांढरट धूर बसतो.

आता ‘फोर्ट स्टिकीन’. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत हे जहाज फुटलं. पोटात स्फोटकं होती, कापूस होता, सोन्याच्या विटा होत्या. आग दुसऱ्या क्रमांकाच्या हॅचमध्ये लागली आणि ती विझवायला उतरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांपैकी कितीतरी जण परतले नाहीत. आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. या जहाजाचं मॉडेल करावंसं वाटणं मला मनापासून पटतं.

किट कितपत उपयोगी आहे? फोर्ट वर्गाची जहाजं कॅनडात बांधली गेली आणि लिबर्टीचा आराखडा ज्या ब्रिटिश आराखड्यातून निघाला त्याच घराण्यातली ती आहेत. त्यामुळे कवचाची लांबी-रुंदी जवळजवळ तीच, सुमारे १३४ मीटर आणि १७ मीटर. वरचा भाग मात्र वेगळा. लिबर्टीत मधलं घर एकसंध आहे. फोर्टमध्ये ते दोन तुकड्यांत आहे: पुढे ब्रिजचा (जिथून जहाज चालवतात त्या भागाचा) ठोकळा, मग एक हॅच, मग धुराड्याचा आणि इंजिनवरचा ठोकळा. म्हणजे तुमच्या किटचं घर बाजूला ठेवून दोन्ही ठोकळे प्लॅस्टिक शीटमधून नवे करावे लागतील आणि डेकवरही कापाकापी होईल. ‘फोर्ट स्टिकीन’ रिव्हेटचं जहाज होतं. रिव्हेट या मापात दिसत नाहीत, पण पत्र्यावर पत्रा चढल्याच्या आडव्या रेषा दिसतात. म्हणून वर ज्या रेषा घासून निम्म्या करायला सांगितल्या, त्या इथे तशाच ठेवा.

डागही बदलतील. हे जहाज कोळशावर चालायचं, म्हणून धुराड्यावर काजळी जास्त आणि कोळसा भरायच्या तोंडांभोवती डेकवर काळी धूळ. ती ऑइल कलरने नको, काळ्या पिगमेंटची कोरडी पूड ब्रशने बसवा. १९४२ मध्ये बांधलेलं जहाज असल्याने गंज ‘ओ’ब्रायन’पेक्षा थोडा पुढे गेलेला चालेल, विशेषतः पाणरेषेच्या पट्ट्यावर. मी ते १४ तारखेच्या सकाळचं करीन: डेरिक उभे, हॅच उघडे, काढलेल्या फळ्या आणि गुंडाळलेल्या ताडपत्र्या बाजूला. कापसाच्या गाठी १/३५० मध्ये ३-४ मिलिमीटरच्या होतात. इपॉक्सी पुट्टीचे ठोकळे कापा, मळक्या पांढऱ्यात रंगवा, लोखंडी पट्ट्यांसाठी पेन्सिलीच्या रेघा पुरतात.

मात्र हातातल्या किटवर हा बदल करू नका. तो आहे तसा लिबर्टी म्हणून पुरा करा. गंजाचा हात बसला की फोर्टसाठी दुसरं किट घ्या, आणि त्याआधी त्या वर्गाचा बाजूने आणि वरून काढलेला आराखडा मिळवून १/३५० मापात छापून घ्या. ठोकळ्यांची उंची फोटोवरून अंदाजाने काढली तर ब्रिज हमखास बुटका होतो.